पौंड, वाटी आणि वाटा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की आधी पळस्पे येते. पुण्याचा रस्ता आणि गोव्याचा रस्ता जिथे एकमेकांपासून फुटतात तो फाटा. तेथून पुढे, कर्नाळ्याच्या अलीकडे, शिरढोण. पनवेल शहराच्या दुसऱ्या अंगाला, खांदेश्वराचे देऊळ आणि तळे यांच्या आसपास, जिथे काही दशकांपूर्वी भाताची खाचरे होती तिथे आज खांदा कॉलनी आहे. हा सगळा टापू चार-पाच कोसांत संपतो. मराठी माणसाच्या जेवणाचा, औषधाचा आणि जिवाच्या स्वास्थ्याचा इतिहास लिहायचा तर सहसा कोणी पनवेलपासून आरंभ करणार नाही. पुण्या-मुंबईची कागदपत्रे त्यासाठी अधिक सोयीची. येथे मात्र तसा आरंभ करावयाचा आहे. १८७० नंतरच्या अवघ्या दहा वर्षांत या विषयाची मांडणीच बदलून गेली, आणि त्या बदलाचे धागे या लहानशा टापूत हाताला लागतात.

१८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलला ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापून आले. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. १८७७ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला किती धान्य दिले म्हणजे पुरे, याचा आकडा सरकारने ठरवला. १८७८ मध्ये वनांचा कायदा झाला. आपल्या अभ्यासक्रमांत या चार घटना चार वेगळ्या प्रकरणांत, किंबहुना चार वेगळ्या विषयांत वाटल्या गेल्या आहेत: वैद्यकाचा इतिहास, ग्रंथव्यवहार, दुष्काळ, जंगल. त्यांच्यात समान असलेली गोष्ट म्हणजे माप. माणसाच्या पोटात काय आणि किती जावे हे कोणी ठरवायचे, कशाने मोजायचे, हा प्रश्न या चारही ठिकाणी एकाच काळात उभा राहिला.

आधी पनवेलचा कारखाना. पनवेल हे त्या काळी उतरती कळा लागलेले बंदर होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून होडीने पनवेलला उतरायचे आणि पुढे घाट चढून पुण्याला जायचे, हा राजमार्ग होता. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली. पण १८६३ मध्ये आगगाडी कल्याण-कर्जतच्या बाजूने घाट चढली आणि पनवेल बाजूला पडले. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळाली ती थेट १९६४ मध्ये, दिवा-पनवेल मार्गाने. अशा बाजूला पडलेल्या गावात औषधांचा कारखाना उभा राहावा याचे नवल वाटते. पण बंदर, घाटरस्ता आणि भोवतालचे डोंगर यांचा विचार केला की ते कमी होते.

जुन्या वैद्यकात माप हे रोग्याच्या अंगचे असे. चरकसंहितेत शरीराची लांबी-रुंदी ज्याच्या त्याच्या अंगुळांनी आणि शरीरातले द्रव ज्याच्या त्याच्या ओंजळीने मोजावयास सांगितले आहेत. म्हणजे मोजपट्टी बाहेरून आणायची नाही; ती रोग्याच्या हातातच आहे. औषधाची मात्रा त्याचे वय, बळ, पचनशक्ती, ऋतू आणि देश पाहून ठरायची. घराघरांतली गुटीही अशीच चाले. बाळाला महिन्यागणिक किती वेढे द्यायचे हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या मनगटाला ठाऊक असे. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सहाणेवर उगाळायची आणि वेढे मोजायचे. ‘वेढा’ हे माप कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही, आणि तरीही त्या मापाने पिढ्या वाढल्या.

कारखान्यात तयार झालेल्या काढ्याला, आसवाला किंवा भस्माला हे शक्य नव्हते. बाटली कोणाच्या घरी जाणार हे बाटली भरणाऱ्याला माहीत नसते. तेव्हा मात्रा छापावी लागली: इतके चमचे, इतक्या वेळा, जेवणाआधी की नंतर. याचे दुःख करण्याचे कारण नाही. वैद्य ज्या गावात नाही तिथे औषध पोचले, आणि वैद्य ज्यांच्या घरी पाऊल टाकत नसे त्यांनाही ते विकत घेता आले. विकत घेणाऱ्याची जात बाटली विचारत नाही. पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ या पुस्तकाने हेच काम छापील अक्षरांतून केले. वनस्पतींचे गुण, घरगुती उपाय, रोगांची लक्षणे असे सगळे मराठीत, वाचता येणाऱ्या कोणाच्याही हाती आले. ज्ञानाचा हा विस्तार मोठाच होता. मात्र सहाणेवर उगाळणारी बाई त्यात कुठे नव्हती. तिचे ज्ञान बाटलीत आणि पुस्तकात गेले. तिच्याकडे मनगट राहिले.

‘सूपशास्त्र’ तीनच वर्षांनी आले हे मला अर्थपूर्ण वाटते. त्यापूर्वी आपल्याकडे अन्नाविषयी लेखन नव्हते असे नाही. सतराव्या शतकातील रघुनाथ नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. पण त्या ग्रंथात अन्न आणि औषध वेगळे नाहीत. धान्ये, भाज्या, पक्वान्ने सांगताना कोणते पित्त वाढवते, कोणते वात शमवते, हे बरोबरीने सांगितले जाते. पाकक्रिया हा वैद्यकाचाच एक कोपरा असतो. १८७० च्या दशकात हे एकत्र कुटुंब विभक्त झाले. औषध कारखान्यात गेले, पाककृती छापखान्यात गेली. त्यानंतरच्या पाकपुस्तकांत पदार्थ चांगला झाला की वाईट एवढाच प्रश्न उरला. खाणारा बरा आहे की आजारी, हा प्रश्न वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे वर्ग झाला. आज आपण आहारतज्ज्ञाकडे जाऊन पैसे मोजून जे परत मागतो, ते म्हणजे या विभक्त झालेल्या दोन भावांची पुनर्भेट होय.

याच सुमारास तिसरे माप आले, आणि ते या सर्वांत कठोर होते.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात गेला. लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रदेशाची पाहणी करावयास पाठवले. खर्च आवरणे हे त्यांच्याकडून अपेक्षित होते. १८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामांवरील प्रौढ पुरुषासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा असे प्रमाण लावले. बाया आणि पोरे यांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, जुन्या हिशेबाने अर्धा शेर. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची आणि माती वाहायची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. किमान दीड पौंड धान्य हवे, शिवाय भाजी आणि डाळीसारखे काही हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रास सरकारने पुढे शिधा काहीसा वाढवला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते. टेंपल साहेब त्याच १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर झाले.

या वादाकडे आपण सहसा राजकीय इतिहास म्हणून पाहतो. पण आपल्याकडे ‘माणसाला जगायला किती अन्न लागते’ हा प्रश्न शास्त्राच्या भाषेत, आकड्यांत, जाहीरपणे भांडला गेला तो येथे. कॉर्निश यांच्या बाजूला शरीरशास्त्र होते, टेंपल यांच्या बाजूला तिजोरी. आणि दोघांच्याही हिशेबात ज्याला खायचे आहे त्याला विचारण्याची सोय नव्हती. ओंजळीचे माप जाऊन पौंडाचे माप येणे याचा अर्थ वजनाची पद्धत बदलली एवढाच नाही. ओंजळ ज्याची त्याची असते. पौंड कोषागाराचा असतो.

शिरढोण आणि पळस्पे यांचा संबंध येथे येतो. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव; जन्म ४ नोव्हेंबर १८४५. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते, म्हणजे आकडे मांडणे हाच त्यांचा पेशा. मरणासन्न आईला भेटण्यासाठी रजा मिळाली नाही आणि आई गेली, ही हकिगत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. त्यानंतर १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी हिंडून पाहिला. त्यांचे आत्मकथन पुढे सरकारच्या हाती लागले. त्यातही दुष्काळात लोकांची झालेली दैना बंडाचे कारण म्हणून येते. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोश्यांना बरोबर घेऊन त्यांनी धामारीवर पहिला दरोडा घातला. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली येथे लूट केली, आणि परतीच्या वाटेवर दौलतराव मारले गेले. जुलैमध्ये फडके पकडले गेले. त्यांची रवानगी एडनला झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला असे सांगतात.

फडके यांचे स्मरण आपण आद्य क्रांतिकारक म्हणून करतो, ते योग्यच आहे. पण या लेखाच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट नजरेत भरते. त्यांचे सारे आयुष्य अन्नाच्या दोन टोकांमध्ये उभे आहे: इतरांना अन्न मिळत नाही म्हणून उचललेले शस्त्र, आणि स्वतः नाकारलेले अन्न. सरकारने ठरवून दिलेला शिधा तुरुंगात नाकारणे म्हणजे त्या पौंडालाच नाकारणे होते. पुढे आपल्या राजकारणात उपोषणाला जे स्थान मिळाले त्याची वंशावळ लिहिताना आपण एडनपर्यंत मागे जात नाही, ते जायला हवे असे मला वाटते.

इथे एका गमतीदार प्रयोगाची नोंद करून पुढे जाऊ. १९२० च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूर येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचे आहार उंदरांना खाऊ घातले आणि उंदरांची वाढ मोजली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यांच्यामागे पठाणी आहारावरचे, आणि तिसरा क्रमांक मराठी आहाराचा. तांदळावर विसंबलेला मद्रासी आहार शेवटी. मराठी उंदीर तिसरे आले याचा अभिमान बाळगण्यापूर्वी कोकणातल्या वाचकाने एक शंका काढावी: हा ‘मराठी आहार’ देशावरच्या ज्वारी-बाजरीचा की आमच्या भाताचा? ‘मराठी माणूस’ या शब्दाखाली किती वेगवेगळी ताटे झाकली जातात, याचा विचार उंदरांना करावा लागत नाही; आपल्याला करावा लागतो.

आतापर्यंत मनाविषयी काही आले नाही, आणि ते सहजासहजी येतही नाही. आपल्या परंपरेत आरोग्याच्या व्याख्येत मनाची प्रसन्नता अंतर्भूत आहे. सुश्रुताने निरोगी माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्या साम्याबरोबर मन आणि इंद्रिये प्रसन्न असणे हीही अट घातली आहे. ‘स्वस्थ’ या शब्दाचा अर्थच आपल्या ठायी स्थिर असलेला. मराठीने या शब्दाचे काय केले ते पाहा. ‘स्वस्थ बस’ म्हणजे काही करू नकोस, गप्प राहा. ‘तो नुसता स्वस्थ बसून असतो’ ही तर तक्रार झाली. उलट ‘अस्वस्थ’ मात्र मनाशीच जोडलेला राहिला. म्हणजे मनाच्या आरोग्याला भाषेत नीटसा शब्द उरला नाही, अनारोग्याला मात्र राहिला. १९०१ मध्ये ठाण्याला मनोरुग्णालय झाले, आणि मुंबई-कोकणात ‘ठाण्याला पाठवायला हवे’ हा वाक्प्रचार झाला. एखाद्या शहराचे नाव असे वापरात येणे हे त्या शहरावर अन्यायकारक आहेच, पण मनाच्या आजाराकडे आपण कसे पाहत होतो याचा तो पुरावाही आहे: पाठवून द्यायची गोष्ट. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याविषयी साध्या मराठीत बोलता येते हे दाखवून दिले. दोन घटनांमध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे.

त्या नव्वद वर्षांत मनाची नोंद कुठे झाली? वैद्यकाच्या पुस्तकांत नाही, पाकपुस्तकांत तर नाहीच. ती झाली आत्मकथनांत, आणि तीही बहुधा अन्नाच्या आडून. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४-३७) सुरुवातीचे भाग आपण वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी मनापासून हसतात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे इतके पराकोटीला गेलेले की बाजारातून आलेली प्रत्येक गोष्ट धुतली पाहिजे, मीठसुद्धा, साखरसुद्धा. मीठ धुणारा माणूस हा विनोदाचा विषय आहे खरा, आणि लक्ष्मीबाईंची शैली हसू येईल अशीच आहे. पण त्यांनीच या सोवळ्याचा उगम कुठे दाखवला आहे ते आपण घाईने वाचून पुढे जातो. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी दिले गेले, आणि त्या धक्क्यानंतर जावयाच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला.

आजच्या मानसशास्त्राकडे या अवस्थेला नाव आहे आणि उपचारही आहेत. त्या काळी ते नाव नव्हते, तेव्हा मनाने घरातले सर्वांत जवळचे साहित्य उचलले: पाणी आणि अन्न. आणि त्या धुण्याचा भार पडला तो घरातल्या बाईवर. धान्य धुवायचे, वाळवायचे, पुन्हा शिजवायचे, आणि तेही आपलेच वडील फाशी गेलेले असताना. तिच्या दुःखाला सोवळे पाळण्याचीही मुभा नव्हती. लक्ष्मीबाईंनी हे सारे कुठेही गळा न काढता लिहिले आहे. १८५७ चा इतिहास लढायांच्या नकाशांत शोधणाऱ्यांनी तो जलालपूरच्या एका स्वयंपाकघरातल्या मिठाच्या भांड्यातही शोधावा.

पाकपुस्तकांची वाट यानंतर कशी गेली हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. गुप्ते यांच्यानंतर पस्तीस वर्षांनी लेखणी बाईच्या हाती आली, ही गोष्ट लहान नाही. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाली, आणि तिच्या यशाचे रहस्य पुन्हा मापातच होते. तोळे, शेर, पौंड, ग्रॅम बाजूला ठेवून कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापे वापरली. सासरी किंवा परगावी एकटीने संसार मांडणाऱ्या मुलीजवळ तराजू नसतो, पण आमटीची वाटी असते. घरगुती भांडे हेच प्रमाण ठरवणे म्हणजे एका परीने ओंजळीकडे परत जाणे होय. ज्या मराठी मुली त्या काळात नोकऱ्यांच्या गावी, परदेशी गेल्या त्यांच्या सामानात हे पुस्तक असे, आणि परक्या गावात पहिल्यांदा घरच्यासारखी आमटी जमली तेव्हा त्यांच्या मनाला जे मिळाले असेल त्याला ‘भावनिक स्वास्थ्य’ असा जड शब्द वापरायचा की नाही हे वाचकांनी ठरवावे.

पण वाटीलाही एक गृहीत धरावे लागते: डबा भरलेला आहे. ‘एक वाटी डाळ’ म्हणणे सोपे, घरात डाळ असली तर. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) यांनी मराठी वाचकाला जे अन्न दाखवले त्याला वाटीचे माप नव्हते. ते मागून आणलेले, उरलेले, वाट्याला आलेले अन्न होते. बेबीताईंनी बाळंतिणीच्या भुकेविषयी लिहिले आहे. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा यांची वर्णने आपल्या घरगुती आरोग्यलेखनात रेलचेलीने येतात. ती वाचून लगेच बेबीताईंची ती पाने वाचावीत. एकाच भाषेत, एकाच काळातल्या दोन बाळंतिणी आहेत, आणि एकीचा पत्ता दुसरीच्या पुस्तकाला नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे या दृष्टीने मराठी पाकपुस्तकांच्या परंपरेतले महत्त्वाचे पुस्तक मानले पाहिजे. मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे पदार्थ त्यात कृतींसकट आहेत. तेला-तुपाची आणि दुधाची चैन नसलेले, सुकवलेल्या मांसाच्या चान्यांचे स्वयंपाकघर. नावातल्या एका ‘अ’ने त्यांनी जे केले ते अनेक परिसंवादांना साधलेले नाही.

१९७२ च्या दुष्काळात पुन्हा खडी फोडली गेली, पुन्हा मोजमाप झाले. सुकडी आणि लाल मिलो ही नावे त्या पिढीच्या तोंडात अजून आहेत. तरी शंभर वर्षांत एक फरक पडला. १८७७ मध्ये काम आणि शिधा ही सरकारची मेहेरबानी होती. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. बरोबर शंभर वर्षे हा योगायोग असेल, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता खांदा कॉलनीकडे येऊ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. येथली आगरी आणि कोळी घरे भातावर, मिठागरांवर आणि खाडीवर जगत होती. भात पायलीने आणि मणाने मोजायचे, कणगीत भरायचे. पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करायची, म्हणजे सुकट, बोंबील, मसाला, मीठ असे चार महिन्यांचे सामान घरात आणून ठेवायचे. आगोट हा शब्द आता नव्या मुलांना सांगावा लागतो. जमीन गेली तेव्हा भाताचे माप गेले आणि मोबदल्याचे माप आले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आकाराला आली. ‘साडेबारा टक्के’ हे या भागातले आजही सर्वांना ठाऊक असलेले माप आहे. त्याने घरे बांधून दिली, गाड्या दिल्या, मुलांची शिक्षणे केली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण स्वतःच्या खाचरातला भात आणि दुकानातून पिशवीने आणलेला तांदूळ यांत शरीराला वाटणारा फरक किती आणि मनाला वाटणारा किती, हे कोणत्या टक्क्यांत सांगणार?

कॉलनीत सकाळी आखीव रस्त्यांवर चालणाऱ्यांची गर्दी असते. बोलण्यातले शब्द कानावर येतात ते उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी. जुन्या वैद्याने नाडी धरून जे सांगितले असते ते आता बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब सांगतो, आणि माप पुन्हा रोग्याच्या स्वतःच्या हातात आले आहे, ही खरे तर चांगली गोष्ट. आकडा मात्र एकट्याने पाहायचा असतो. मुले परदेशी किंवा पुण्याच्या पलीकडे असलेल्या घरांत दोन माणसांसाठी अर्धी वाटी तांदूळ धुतला जातो. ‘जेवण जात नाही’ अशी तक्रार घेऊन गेलेल्यांच्या पोटाच्या तपासण्या होतात. मराठीत ‘जेवण जात नाही’ हे वाक्य पोटाविषयी जितके आहे तितकेच मनाविषयी आहे, हे भाषेच्या शिक्षकाला माहीत असते; तपासणीच्या कागदावर त्यासाठी रकाना नसतो.

१८७८ च्या वनकायद्याचा उल्लेख वर करून ठेवला आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा. त्यांचे नावच त्यावरून पडले. कात हे औषधही आहे आणि विड्याचा घटकही. जंगलावर निर्बंध आले तसा खैर तोडणे गुन्ह्यात जमा होऊ लागले, कात सुटला, आणि ही माणसे कोळसा पाडण्याकडे, शेतमजुरीकडे, पुढे वीटभट्ट्यांकडे वळली. औषधाचा कारखाना पनवेलात उभा राहिल्यानंतर सहाच वर्षांत औषधी जाणणाऱ्या माणसांची जंगलाची वाट अडवली गेली, याला कोणी जबाबदार होते असे मी म्हणत नाही. पण दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

त्यांचे ज्ञान संपलेले नाही. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर पनवेलच्या बाजारात आणि कॉलनीच्या पदपथांवर कातकरी आणि ठाकूर बायका शेवळं घेऊन बसतात. शेवळं हे सुरणाच्या कुळातले कंदाचे फूल. नुसते शिजवले तर घसा खाजून हैराण करते. त्याबरोबर काकडाची आंबट फळे घालावी लागतात. विकणारी बाई गिऱ्हाइकाला शेवळांबरोबर मूठभर काकडे देते, आणि नवखे गिऱ्हाईक असेल तर कसे साफ करायचे तेही सांगते. दुर्गाबाई भागवत मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात संशोधन करीत असता विषारी सुरण खाल्ल्यामुळे सहा वर्षे अंथरुणाला खिळल्या, त्यांचा पीएच. डी.चा अभ्यास सुटला. ज्या बाईने पुढे ‘खमंग’सारखे अन्नावरचे रसाळ पुस्तक लिहिले तिच्या आयुष्याला असे वळण एका कंदाने दिले होते. काकडाची मूठ ही त्या जातीच्या कंदांशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार केलेल्या माणसांची अक्कल आहे, आणि ती शेवळांबरोबर फुकट मिळते.

या बायकांजवळ बहुतेक वेळा तराजू नसतो. पानावर शेवळांचे लहान लहान ढीग मांडलेले असतात. प्रत्येक ढिगाला म्हणतात वाटा. भाव वाट्याचा असतो, आणि घासाघीस करणाऱ्याला वाट्यावर दोन शेवळं वर टाकून मिळतात.